उमरोळीपर्यंत

आग्नेसबाईंना घाई करताना मी एकदाच पाहिलं, आणि नेमक्या त्याच वेळी त्या चुकल्या. एरवी ही बाई म्हणजे सगळं निवांत. शाळेची घंटा झाली तरी कपातला चहा संपवूनच उठणार, वर्गाच्या दारापाशी क्षणभर डोळे मिटून थांबणार, आणि मुलं उभी राहिली की म्हणणार, "बसा रे, मी काय पळून जात नाय." मी मिरजेची. आमच्याकडे बाई तरातरा चालली, फडाफडा बोलली की तिला कामसू म्हणतात. पहिल्याच आठवड्यात मी नवऱ्याला म्हटलं, "या बाईंची घड्याळाशी सोयरीक नाही." नवरा तारापूरला अणुवीज केंद्राच्या बांधकामावर ड्राफ्ट्समन होता. तो म्हणाला, "आमच्या साइटवर सगळ्यांची आहे. म्हणून काम लवकर होतंय असं काही दिसत नाही."

बोईसर तेव्हा धड गाव राहिलं नव्हतं आणि शहर व्हायला अजून अवकाश होता. स्टेशनापलीकडे भातखाचरं, ताडाची झाडं, आणि मधून तारापूरच्या रस्त्यानं दिवसभर जाणारे ट्रक. ट्रकांनी उडवलेली धूळ दुपारी हवेतच तरंगत राहायची, खाली बसायचं विसरल्यासारखी. पश्चिमेचा वारा आला की त्या धुळीत सुक्या बोंबलांचा वास मिसळायचा. पहिल्या महिन्यात मी नाकाला पदर लावला, दुसऱ्या महिन्यात विसरले. ते दिवस आठवतात तेही असेच, धुळीच्या पडद्याआडून, दुपारच्या अर्धवट झोपेत पाहिल्यासारखे. त्या पडद्यातून एक बुटकी, सावळी बाई हळूहळू चालत येते. पांढरं पातळ, अंबाड्यात अबोलीचं एखादं फूल, गळ्यात काळ्या दोऱ्यात ओवलेला क्रूस. तिच्या मागे ट्रक हॉर्न वाजवतोय आणि ती बाजूला होतेय, पण आपल्या सवडीनं.

स्टेशनामागे कौलारू खोल्यांची एक ओळ होती. टोकाच्या खोलीत आम्ही आणि शेजारच्या खोलीत आग्नेसबाई व त्यांची भाची तेरेजा. बाई मूळच्या वसईकडच्या ख्रिस्ती घरातल्या. लग्न केलं नव्हतं. धाकटी बहीण बाळंतपणात गेली, तिच्या नवऱ्यानं दुसरा संसार थाटला आणि तान्ही तेरेजा बाईंच्या ओटीत आली. शाळेत मी त्यांच्या हाताखालची नवी मास्तरीण. वर्गात त्या अगदी पुस्तकातलं मराठी बोलत, आणि शाळेच्या फाटकाबाहेर पाऊल पडलं की "आमी-तुमी" सुरू. मी एकदा चिडवलं, तर म्हणाल्या, "ते शाळेचं पातळ हाय, सुमनबाय. घरी आले की बदलायचं."

शाळेतून आल्यावर त्या ओट्यावर बसत. मांडीवर सूप, सुपात तांदूळ. पाखडता पाखडता ओठ हलत राहायचे. मला सुरुवातीला वाटलं, रेशनच्या तांदळाला शिव्या देत असतील. मी तरी तेच करायचे. तसं विचारलं तर हसल्या. "प्रार्थना करतेय हो. पण खडा लागला की मधून एखादी शिवी बी जाते."

आमच्या घरी प्रार्थना म्हणजे सकाळी देवांना पाणी घालायचं, दोन स्तोत्रं पुटपुटायची, त्यातच दूध उतू जातंय का बघायचं. बाईंच्या प्रार्थनेत मागणं फारसं नसायचं, ऐकणं असायचं. एवढं काय ऐकता, असं मी विचारलं तेव्हा त्यांनी सूप खाली ठेवलं.

"तिथं तिघं बोलतात, सुमनबाय. मी बोलते, माझी भीती बोलते, आनि तो बोलतो. पैल्या दोघींचा आवाज मोठा."

"मग त्याचा ओळखायचा कसा?"

"भीती घाई करते. आत्ताच कर, नायतर मेलीस, असं म्हनते. तो कदी घाई करत नाय. तो बोलला की मानूस हलका होतो, काम मात्र जड होतं." एवढं बोलून त्यांनी सूप पुन्हा उचललं. कोंडा उडाला, दाणे सुपात खाली बसले. मला तो सगळा प्रकार त्या वेळी जरा गुळमुळीतच वाटला.

आमच्या इथे चर्च नव्हतं. महिन्यातून एकदा पालघरहून फादर येत आणि रविवारी आमच्याच शाळेच्या एका वर्गात मिस्सा, म्हणजे त्यांची उपासना, होई. आदल्या दिवशी बाई नि तेरेजा बाकं पुसून काढत आणि फळ्यावरचा भागाकार मी पुसत असे. वर्षानुवर्षं तो मिस्सा लॅटिनमध्ये चालायचा. मग एके रविवारी फादरांनी मराठीत म्हटला. लोक बाहेर आले ते डोळे पुसत. एक म्हातारा तर हात जोडून म्हणाला, "आता देव आपल्या भाषेत बोलला." बाई माझ्याकडे वळून हळूच म्हणाल्या, "मी त्याच्याशी आदीपासून मराठीतच भांडते. फादरना आता कळलं."

त्यांची प्रार्थना म्हणजे काही जादू नव्हती, आणि हे त्याच सगळ्यांत आधी सांगत. एकदा वर्गातली रंगीत खडूंची पेटी गेली. एका मुलीचं नाव पुढे आलं. मधल्या सुट्टीत बाई रिकाम्या वर्गात बसून आल्या आणि म्हणाल्या, "ती नसेल असं मला वाटतं. पन ती नसावी असं बी मला वाटतं. दोन्ही मिसळलंय. म्हनून कोनाला काय बोलायचं नाय." चार दिवसांनी त्याच मुलीच्या घराच्या भिंतीवर हिरव्या-लाल खडूंचे मोर उगवले. मी बाईंना चांगलंच धारेवर धरलं. बाई गदगदून हसल्या. "बगा, मिसळलेलं होतं ना? बरं झालं मी देवाच्या नावावर खपवलं नाय." आणि मग त्या मोर बघायला गेल्या.

पण लोकांना असलं मिसळलेलं उत्तर नको असतं. इकडे गावात देवाला कौल लावायची पद्धत. देवाच्या अंगाला पाकळ्या चिकटवायच्या आणि बसायचं वाट बघत; उजवीकडची पडली तर होय, डावीकडची पडली तर नाही. बेटेगावच्या पार्वतीकाकू आमच्या ओळीत दूध घालत. त्यांच्या शेवंतीला चिंचणीचं स्थळ आलं होतं. काकू आग्नेसबाईंना म्हणाल्या, "बाय, तुमचा देव बोलतो म्हनतात. माज्या शेवंतीचं जरा इचारा." बाई म्हणाल्या, "प्रार्थना करीन की."

कोणासाठी प्रार्थना करायची असली की बाई खिडकीत मेणबत्ती लावत. त्या दिवशीही लावली, आणि आत जाऊन बसल्या. काकू बाहेर अंगणात उभ्या होत्या, हे त्यांना काय माहीत! खाडीवरून वारा आला नि मेणबत्ती विझली. काकूंनी कपाळावर हात मारला, तडक घरी गेल्या आणि चिंचणीला नकार कळवून मोकळ्या झाल्या. हा पराक्रम बाईंना कळला आठ दिवसांनी, तोही शेवंतीचे सुजलेले डोळे पाहून.

मी त्यांना रागावलेलं पाहिलं ते तेव्हाच. "काकू, मान हलवून होय-नाय सांगायला तो काय नंदीबैल हाय?" त्याच दिवशी काकूंना घेऊन त्या चिंचणीला गेल्या. नवऱ्या मुलाच्या बापापुढे हात जोडून म्हणाल्या, "दादा, तो नकार वाऱ्याचा होता. मुलीचा नाय, आईचा नाय, आनि देवाचा तर नायच नाय." म्हातारा आधी घुश्शात होता, मग हसू लागला. लग्न झालं. लग्नातल्या पंगतीत बाईंना आग्रह करकरून वाढलं. मात्र त्या दिवसापासून त्यांच्या खिडकीत मेणबत्ती दिसली नाही. परत येताना काकूंनी विचारलं होतं, "मग तुमी त्याला इचारता तरी काय, बाय?" बाई म्हणाल्या, "इचारत नाय, काकू. जवळ बसते. बसून बसून माजं मलाच दिसायला लागतं." काकूंना ते पटलेलं दिसलं नाही.

हे सगळं इतक्या तपशिलानं सांगते आहे, कारण दुसऱ्यांच्या मनातला कोंडा इतका नेमका पाखडणाऱ्या या बाईंच्या स्वतःच्या घरात एक मोठी गोष्ट कित्येक वर्षं न पाखडता पडून होती. ती गोष्ट म्हणजे तेरेजा.

तेरेजा अठरा वर्षांची झाली होती. उंच, लांब हातांची, हसायला लागली की थांबता न येणारी. दुसरी मुलं अ आ इ ई म्हणतात तशी ती लहानपणापासून "मी सिस्टर होणार" म्हणायची. मॅट्रिक झाली आणि वसईपलीकडच्या एका मठात जायचं ठरलं. ठरलं काय, आठवड्याभरात सगळं उरकायला काढलं. पत्र्याची पेटी आली, पांढऱ्या कापडाला दुमड घालणं सुरू झालं. बाई पहाटेपासून टाके घालत होत्या, धावत शाळेत येत होत्या, धावत परत जात होत्या. सूप खुंटीला टांगलेलं ते तसंच. मी चेष्टेनं म्हटलं, "बाई, ट्रकवाल्यांची सवय लागली की काय?" बाई हसल्या नाहीत. सुई ओढता ओढता म्हणाल्या, "तीन वरसांची होती तेव्हा घटसर्प झाला तिला. श्वास अडकलेला, ओठ निळे. मी म्हटलं, देवा, ही जगली तर तुज्या घरी देईन. जगली. आता मी नाय दिली तर..." पुढचं त्यांनी दातानं दोरा तोडला त्यात गेलं.

"तेरेजाला ठाऊक आहे हे?"

"गोष्टीसारखं सांगत आलेय की तिला. लहान होती तेव्हापासून."

वैशाखातल्या एका सकाळी पॅसेंजरला मी दोघींना बसवून दिलं. तेरेजा खिडकीशी बसून हसत होती. पण ते तिचं नेहमीचं न थांबणारं हसू नव्हतं. फोटोवाल्यानं सांगितल्यावर हसतात तसलं होतं. गाडी गेली. घरी येऊन मी भाकऱ्या थापल्या, जेवले, जरा आडवी झाले. ऊन इतकं होतं की रस्ता पाण्यासारखा हलत होता. कसल्याशा आवाजानं उठून बाहेर आले, तर बेटेगावच्या वाटेनं दोन आकृती हलत हलत येताना दिसल्या. मधे पत्र्याची पेटी. एक कडी तेरेजाच्या हातात, एक बाईंच्या. थोडं चालायच्या, पेटी ठेवायच्या, हात बदलायच्या, पुन्हा उचलायच्या. एक उंच, एक बुटकी, त्यामुळे पेटी तिरकी. मला आधी वाटलं, मी झोपेतच आहे.

तेरेजा पाणी पिऊन आत जाऊन गाढ झोपली. बाई ओट्यावर बसल्या, पाय लांब करून. चपलेचा अंगठा तुटला होता.

"गाडी चुकली का पुढची?" मी खुळ्यासारखं विचारलं.

"नाय. उमरोळीला उतरलो." उमरोळी म्हणजे बोईसरपासून एकच स्टेशन. "गाडी सुटल्यापासून ती जपमाळ ओढत होती. भराभर, भराभर, तोंडात शब्द मावत नव्हते. मी म्हटलं, एवढ्या घाईनं काय सांगतेस गो त्याला? तर म्हनते, 'एवढंच सांगते मावशी, की बघ, मी चाललेय. आता मावशीला काय करू नको.'"

बाईंनी तळहात उघडला. पेटीच्या कडीचा लाल वळ उठला होता. त्याच्याकडे बघत त्या म्हणाल्या, "इतकी वरसं ज्याला मी देवाचा आवाज म्हनत होते ना सुमनबाय, तो माजाच होता. घाबरलेला. तिनं बिचारीनं तोच पाठ केला. जगाला सांगत फिरले की भीती घाई करते, आनि आठ दिवस मी काय करत होते? मला माजी घाई दिसली नाय." मग पदर डोळ्यांना लावून ती बाई जी रडली ते मी कधी विसरणार नाही. मी खुंटीवरचं सूप काढून, त्यांचे तांदूळ घेऊन पाखडत बसले. निम्मे खाली सांडले.

त्यानंतर घरात एक नवा नियम झाला. प्रार्थना दोघींनी एकत्र करायची नाही. "तिला माजा आवाज ऐकू येतो," बाई म्हणत, "थोडे दिवस तिचं तिला एकटीला ऐकू द्या." तेरेजा साइटवरच्या मजुरांच्या मुलांसाठी निघालेल्या बालवाडीत जाऊ लागली. संध्याकाळी हिंदीतली बडबडगीतं गुणगुणत, अंगभर शेंबडाचे हात पुसून घेऊन परत यायची. हसू पुन्हा पहिल्यासारखं झालं. ओळीतले लोक मात्र कुजबुजत. बोललेला नवस मोडला, बाईंनी देवाला फसवलं, आता बघा काय होतं ते.

आणि ते झालं. ऑक्टोबरच्या उन्हात तेरेजा तापानं पडली. पालघरचे डॉक्टर विषमज्वर म्हणाले, औषध दिलं, आणि वाट बघा म्हणाले. ताप उतरायचं नाव घेईना. ती बरळू लागली, तेही हिंदीत. पार्वतीकाकू दुधाचं भांडं दारातच ठेवून आत आल्या आणि बाईंचे हात धरून म्हणाल्या, "बाय, बोललं ते देऊन टाका. उद्या पाठवीन म्हना, वरसानं पाठवीन म्हना, पन म्हना. देव आठवन करून देतोय."

आमच्या घरच्या गणपतीला एकवीस मोदकांपलीकडे मी कधी काही कबूल केलेलं नाही. देवभोळेपणाची तर मला चीडच. पण खरं सांगते, त्या क्षणी माझ्याही मनात आलं, बोलून टाका हो बाई, बोलायला काय जातं! पोर डोळ्यांदेखत वाळत चालली होती.

बाईंनी काकूंचे हात सोडवले. खुंटीवरचं सूप काढलं, त्यात ओंजळभर तांदूळ घेतले आणि खाटेशेजारी जमिनीवर बसल्या. दुपार टळत होती. कौलांतून उन्हाचा एक कवडसा खाली आला होता आणि सुपातली बारीक धूळ त्यात वर वर चढत होती. सूप हलल्याचा तेवढा आवाज. काकू उभ्या, मी उंबऱ्यात. किती वेळ गेला कोण जाणे. त्या खोलीत वेळ चालतच नव्हता. मग बाई बोलू लागल्या, शेजारी बसलेल्या माणसाशी बोलावं तशा.

"ही तुजी हाय. बरी झाली तरी तुजी, नाय झाली तरी तुजी. मी काय कबूल करनार नाय. केलं तर पुन्यांदा तुज्या नावानं मीच बोलेन. मला लय भीती वाटतेय, ती तुला दिसते हाय. मला फकस्त हितं बसून राहायचं बळ दे."

तांदूळ सुपाबाहेर उडत होते. आवाज मात्र स्थिर होता. मी माणसांना देवळांत लोटांगणं घालताना पाहिलंय, उपास करताना पाहिलंय, पण काही न देता, काही न कबूल करता देवासमोर नुसतं बसून राहायला केवढी छाती लागते, ते मला त्या दुपारी कळलं. काकू तोंडाला पदर लावून निघून गेल्या. मी तिथेच बसले आणि सांडलेले तांदूळ वेचत राहिले.

तेरेजा बरी झाली. एका दिवसात नाही. दिवाळी येऊन गेली तरी भिंतीला धरून चालत होती. काकूंनी बाईंना बाजूला घेऊन विचारलं, "गुपचूप बोललात ना नवस?"

"नाय."

"मग बरी कशी झाली?"

"औषध घेतलं, पेज प्याली. आनि देव चांगला हाय." काकू तरीही संशयानंच बघत राहिल्या.

मधे एक उन्हाळा गेला, आणि पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडाशी एके दिवशी तेरेजा माझ्या चुलीपाशी येऊन बसली. म्हणाली, "सुमनबाई, मी मठात जायचं म्हणतेय." माझ्या हातातली पळी तशीच राहिली. ती घाईघाईनं काही समजावायला लागली नाही. शेंगदाणे सोलत म्हणाली, "वरीस झालं हे मनात हाय. कोनाला बोलले नाय. म्हटलं, जाईल आपलं आपन. बालवाडीत रमून बघितलं, लग्नाचा विचार करून बघितला. गेलं नाय."

"भीती नाही ना कसली? मागच्यासारखी?"

"भीती हाय की. मावशी एकटी पडेल याची. पन ती भीती मला 'थांब' म्हनते. 'जा' म्हननारं जे हाय, ते मला अजिबात घाबरवत नाय." आणि मग ती तिचं ते न थांबणारं हसू हसली. माझे डोळे का भरून आले ते मला तेव्हा कळलं नाही.

बाईंना तिनं सांगितलं त्या संध्याकाळी शेजारून कालवण करपल्याचा वास आला. मी धावले, तर बाई चुलीपुढेच बसलेल्या, कालवणाकडे पाहत. "गंमत बगा," त्या म्हणाल्या. "तेव्हा मला ती द्यायची होती, तिला जायचं नव्हतं. आता तिला जायचंय, आनि मला द्यायची नाय. दोन घास कमी खाईन, पन हिला हितं ठेव, असं मीच त्याला म्हनतेय सकाळपासनं."

"मग सांगा तिला तसं."

"सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग माजे पाय चेपत बसली." करपलेलं भांडं त्यांनी खाली उतरवलं. "माजा आवाज आता ती वळखते, सुमनबाय."

नवऱ्याचं तारापूरचं काम संपत आलं होतं. त्याला नवी नोकरी नाशिकला मिळाली आणि तो सामान घेऊन पुढे गेला. मी शाळेचं वर्ष संपवून निघणार होते, म्हणून तेरेजाची नि माझी गाडी एकच ठरली, तीच सकाळची पॅसेंजर. आदल्या दिवशी पार्वतीकाकू दुधाऐवजी खरवस घेऊन आल्या आणि समाधानानं म्हणाल्या, "फिटला बाय नवस शेवटी." बाई पेटीवरची धूळ पुसत होत्या. म्हणाल्या, "नवस तेव्हाच उमरोळीला उतरला, काकू. ही आता आपल्या तिकिटानं चाललीय."

सकाळी मी निघाले तर बाईंच्या खोलीला कडी. तेरेजा एकटी पेटीवर बसलेली. "मावशी अंधारातच उठून गेली," ती म्हणाली, "कुठं ते सांगितलं नाय." स्टेशनावर बाई नव्हत्या. गाडी सुटेपर्यंत तेरेजाची मान फाटकाकडे वळलेली होती. मला बाईंचा रागच आला. असं काय माणसानं वागायचं! पोरीला निरोप द्यायचं धैर्य नाही, मग एवढ्या प्रार्थनेचा काय उपयोग, असंही मनात येऊन गेलं. गाडी ताडांमधून जात राहिली. बेटेगावची कौलं मागे पडली. इंजिनाचा धूर आणि सकाळचं धुकं एकात एक मिसळलं होतं.

उमरोळीला गाडी थांबली. आणि त्या एवढ्याशा फलाटावर, नेमक्या आमच्या डब्यासमोर नाही तर जरा पुढे, आग्नेसबाई उभ्या होत्या. पांढरं पातळ, अंबाड्यात अबोली, पायांना वाटेची धूळ. अंधारात उठून चालत आल्या होत्या. आम्हाला पाहून त्या आपल्या सवडीनं खिडकीपाशी आल्या. दोन्ही हात पाठीमागे धरलेले.

"काय आणलंय लपवून?" मी म्हटलं. मला चेष्टाच सुचली.

"काय नाय हो. हातच हायत. पुढं घेतले तर पेटी उतरवतील."

मग त्या तेरेजाकडे वळल्या. तिच्या चेहऱ्याकडे कितीतरी वेळ बघत राहिल्या. गाडी तिथे जेमतेम मिनिटभर थांबते, पण बाईंनी त्या मिनिटाचीही घाई केली नाही.

"तेरेज, घाई तर नाय ना?"

"नाय, मावशी."

बाईंनी मान हलवली. शिट्टी झाली. तेरेजानं खिडकीतून हात बाहेर काढला, बाईंनी पुढे होऊन त्यावर नुसतं कपाळ टेकवलं, आणि बाजूला झाल्या. गाडी हलली. मी वाकून मागे पाहत होते. धुराच्या आणि धुक्याच्या मधे ती बुटकी आकृती उभी होती, आणि फलाट दिसेनासा होईपर्यंत तिनं हात पुढे घेतले नाहीत.